भाषणाची मांडणी (ग्रीक-रोमन वक्तृत्वशास्त्र)

ऐकणाऱ्याला आपलं म्हणणं पटवून देणारं भाषण आखायची, प्राचीन ग्रीस आणि रोममध्ये तयार झालेली पद्धत. रोमन लोक भाषणाच्या तयारीचे पाच भाग धरायचे, मुद्दे शोधणं, त्यांचा क्रम लावणं, शब्द निवडणं, लक्षात ठेवणं आणि प्रत्यक्ष बोलणं. यातला दुसरा म्हणजे मांडणी, लॅटिनमध्ये डिस्पोझिशियो, पण मुद्देच हातात नसतील तर क्रम कशाचा लावणार, त्यामुळे पहिले दोन्ही भाग सोबतच बघावे लागतात.

भाषण लिहायला बसायच्या आधी वाद नेमका कुठे अडलाय ते शोधायचं. याला स्टॅसिस म्हणतात, इ.स.पू. २ऱ्या शतकातल्या हर्मागोरस या ग्रीक वक्तृत्वशिक्षकाने ते पद्धतशीर मांडलं. प्रश्न चारच आहेत: गोष्ट घडली का, घडली तर तिला म्हणायचं काय, ती केली ते बरोबर की चूक, आणि याचा निकाल द्यायचा अधिकार याच लोकांना आहे का. जुन्या पुस्तकांतलं नेहमीचं उदाहरण म्हणजे कुणीतरी खासगी घरातून देवळाची वस्तू चोरली, तर ही साधी चोरी की देवस्थानाची चोरी? आता चोर चोरी कबूलच करतोय, तेव्हा दहा साक्षीदार आणून काही उपयोग नाही, भांडण शब्दाच्या व्याख्येवर आहे आणि सगळी ताकद तिथेच लावायला हवी. माझ्या मते पूर्ण पद्धतीतला हा सगळ्यात कामाचा तुकडा आहे आणि लोक नेमका हाच सोडून देतात.

ॲरिस्टॉटलच्या मते भाषणाला दोनच भाग अत्यावश्यक, म्हणणं सांगा आणि ते सिद्ध करा, फार तर सुरुवात आणि शेवट जोडा. पटवायची साधनं मात्र त्याने तीन सांगितली, बोलणाऱ्याबद्दलचा विश्वास, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद (ईथॉस, पॅथॉस, लोगॉस). रोमन वक्ता सिसेरोने तरुणपणी लिहिलेल्या पुस्तकात आणि त्याच सुमाराच्या 'रेटोरिका अॅड हेरेनियम' या लॅटिन पुस्तकात, म्हणजे इ.स.पू. १ल्या शतकात, भाग सहा झालेले दिसतात: प्रस्तावना, हकिकत, कुठे सहमत आणि कुठे नाही याची विभागणी, आपली बाजू, विरोधकाचं खंडन, समारोप.

प्रस्तावनेवर या लोकांनी खूप विचार केलाय. श्रोते अनुकूल असतील तर सरळ सुरुवात करा, पण प्रकरणच बदनाम असेल, समोरच्याने आधीच त्यांना पटवलं असेल किंवा ऐकून ऐकून ते थकले असतील तर आडवळणाने शिरायचं, याला इन्सिन्युएशियो म्हणायचे. म्हणजे विरोधकाला स्वतःचा जो मुद्दा सगळ्यात भक्कम वाटतो त्यावर मी आधी बोलतो असं सांगायचं, आणि थकलेल्यांना आधी हसवायचं. यात फसवणूक नाही, समोरच्याच्या मनाची अवस्था मान्य करणं आहे.

हकिकत थोडक्यात, स्पष्ट आणि खरी वाटेल अशी हवी. पुराव्यांमध्ये भक्कम मुद्दे सुरुवातीला आणि शेवटी, कच्चे मध्ये एकत्र, कारण एकेकटे ते पडतात पण घोळक्यात टिकतात. शेवटी भावना जागवायच्या, पण आटोपशीर, कारण अश्रूंइतकं लवकर काही सुकत नाही असं सिसेरोनेच नोंदवलंय.

ही चौकट मुख्यतः कोर्टातल्या भाषणांसाठी बनली, त्यामुळे भविष्यात काय करावं यावरच्या भाषणात हकिकत छोटी झाली किंवा गेलीच तरी चालतं. रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियनने इ.स. ९५च्या आसपास, १२ खंडांच्या ग्रंथात, हे नियम कायद्यासारखे पाळू नका, प्रकरण बघून बदला असं ठासून सांगितलंय.

ठरवलेला क्रम बोलताना विसरू नये म्हणून वक्ते ओळखीच्या घरातल्या जागांवर मनातल्या मनात चित्रं ठेवत जायचे, आणि मोजणी चुकू नये म्हणून प्रत्येक पाचव्या जागेवर खूण करायची, जसं पाचव्या जागेवर एक सोन्याचा हात.