एलईडी उडाला म्हणून किट परत पाठवायच्या आधी एवढं वाचा

नमस्कार सर, नमस्कार मॅडम. शाळा सुरू झाल्या की आमच्या जळगावच्या विज्ञान-किटच्या दुकानात फोन सुरू होतात, "भाऊ, हाऊ लाइट पेटस नही," आणि दोन दिवसांनी अख्खा किट कुरिअरने परत. खोका उघडतो तर मोटर चांगली, वायरी चांगल्या, एलईडीच्या आत मात्र काळा ठिपका आणि रेझिस्टरची, म्हणजे करंट आवरणाऱ्या छोट्या रोधाची, पुडी पिन मारलेली तशीच्या तशी. म्हणजे मधे रेझिस्टर न घालता एलईडी थेट 9 व्होल्टच्या बॅटरीला लावला, एकदा झगझगीत पेटला आणि गेला.

असं होतं कारण आपण सगळे टॉर्चच्या बल्बवर शिकलो. तो सेलला थेट लावला तरी चालतो, त्याच्या तारेलाच रोध असतो आणि तार तापली की तो आणखी वाढतो. एलईडीचं तसं नाही हो. लाल एलईडी साधारण 2 व्होल्टला पेटतो, पण त्याच्या पुढे व्होल्टेज जरा जरी वाढलं तरी करंट भसकन वाढतो आणि त्याला सोसतो 20 मिलिअँपिअरच्या आसपास. हिशोब फळ्यावरच करून घ्या, नववीला ओहमचा नियम आहेच: 9 मधून 2 गेले, राहिले 7 व्होल्ट, भागिले 0.02 अँपिअर, आले 350 ओहम, एवढा रेझिस्टर मधे पाहिजे. आम्ही थोडा जास्तीचा म्हणून 470 ओहमचा देतो, मग करंट 15 मिलिअँपिअर राहतो आणि उजेड कमी पडत नाही. त्याच्या अंगावरच्या रंगाच्या पट्ट्या पिवळी, जांभळी, तपकिरी, सोनेरी. तो लांब पायाकडे लावला काय आणि आखूड पायाकडे लावला काय, फरक पडत नाही, फक्त एलईडीचा लांब पाय प्लसकडे पाहिजे.

चोपड्याकडच्या एका शाळेत मी हे सांगत होतो, पोरं नुसती बघत होती. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणे, सर म्हणजे हा ठिबकचा ड्रीपरच ना, आमच्या केळीत नळीला नुसतं भोक पाडलं तर एकाच झाडाला सगळं पाणी जातं. मला इतकं बरं वाटलं! तेव्हापासून मी सगळीकडे ड्रीपर म्हणूनच सांगतो, आपल्याकडच्या पोरांना ते लगेच समजतं.

काही सर म्हणतात, मग तुम्हीच रेझिस्टर आधी सोल्डर करून का देत नाही? देता येईल, आमचे परतीचे किटही वाचतील. पण मग पोरगं फक्त बटण दाबणार, तो रेझिस्टर तिथे का आहे हे त्याला कधी विचारावंच लागणार नाही, आणि तास तर त्याचाच आहे. म्हणून सुटाच देतो आणि सुटाच देणार. उडालेला एलईडी बदलून मिळत नाही हेही त्यामुळेच, तरी प्रत्येक किटमध्ये 10 एलईडी जास्तीचे टाकलेले असतात. त्यातला एक मुद्दाम पोरांसमोर थेट लावून उडवून दाखवा, जरा लांबून, चष्मा घालून, ते कायम लक्षात राहतं.

पेटला नाही तर आधी ब्रेडबोर्ड, म्हणजे पाय खोचायचा भोकांचा बोर्ड, बघा. एका ओळीतली पाच भोकं आतून जोडलेली असतात, एलईडीचे दोन्ही पाय त्याच ओळीत गेले तर तो पेटणार कसा. आणि मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून बॅटरीला थेट लावू नका, फ्यूज जातो.

तरीही नाही जमलं तर किट पाठवू नका, जोडणीचा वरून एक फोटो व्हॉट्सॅपला टाका, नंबर झाकणावर आहे. संध्याकाळपर्यंत उत्तर देतो, साक्री-नवापूरकडच्या शाळांना तर कुरिअरपेक्षा हेच परवडतं. रेझिस्टर, एलईडी, बॅटरीच्या क्लिपा सुट्याही मिळतात, अख्खा नवा किट घ्यायची गरज नाही. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी माल लागत असेल तर जानेवारीतच सांगून ठेवा, शेवटच्या आठवड्यात 470 ओहमची पाकिटं आमच्याकडेच संपलेली असतात.