पाणथरी काढताना

डाव्या बरगड्यांच्या आड, जठराच्या मागे, मूठभर आकाराची आणि साधारण १५० ग्रॅम वजनाची पाणथरी, म्हणजेच प्लीहा, असते. निरोगी माणसाचे पोट चाचपताना ती सहसा हाताला लागत नाही. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या एखाद्या मुलाच्या पोटात मात्र ती बेंबीपर्यंत उतरलेली आढळते. इतकी वाढलेली पाणथरी पाहून दोष तिचाच आहे असे घरच्यांना वाटणे स्वाभाविक आहे, पण बहुतेक रक्तविकारांत ती आपले नेमून दिलेले कामच करीत असते.

ते काम रक्त गाळण्याचे. तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) रुंदीची असते आणि पाणथरीतल्या फटी तिच्यापेक्षा कितीतरी अरुंद असतात, त्यामुळे पेशीला अंग चोरून, दुमडून त्यांतून पार व्हावे लागते. जिला हे जमत नाही, ती तिथेच अडकते आणि भक्षक पेशींच्या तावडीत सापडते. आनुवंशिक स्फेरोसायटोसिस या विकारात पेशीचे आवरण सदोष असल्याने ती चपटी न राहता चेंडूसारखी गोल होते आणि या फटींत अडते. परिणामी रक्तक्षय होतो, डोळे पिवळे दिसतात, पित्ताशयात खडे होतात. पाणथरी काढल्यावर पेशी गोलच राहतात, परंतु त्या अकाली मरत नाहीत आणि हिमोग्लोबिन वाढते. मूळ दोष कायम ठेवून रोग्याला बरे करणारी अशी शस्त्रक्रिया वैद्यकात विरळाच.

प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवण्यास मदत करणाऱ्या पेशी, कमी होण्याच्या आयटीपी या विकारात हाच उपाय पॉल काझनेल्सन या प्रागमधील वैद्यकीय विद्यार्थ्याने सुचवला. १९१६ साली त्याच्या आग्रहावरून एका स्त्रीची पाणथरी काढण्यात आली आणि तिच्या प्लेटलेट झपाट्याने वाढल्या. आजही सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांना या शस्त्रक्रियेचा लाभ होतो. तरीही ती घाईने करीत नाहीत, कारण पहिल्या वर्षात आजार आपोआप ओसरू शकतो आणि आता प्रभावी औषधेही आहेत. कधी मुख्य पाणथरीजवळ एखादी छोटी, जादा पाणथरी असते. ती राहून गेली तर आजार पुन्हा डोके वर काढू शकतो.

शस्त्रक्रिया आता बहुधा दुर्बिणीतून होते, जखमा लहान असतात आणि रुग्ण लवकर घरी जातो. खरी जोखीम त्यानंतरची आहे. शस्त्रक्रियेनंतरचा रक्ताचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर काही तांबड्या पेशींत एकेक गडद जांभळा, वाटोळा ठिपका दिसतो. तो पेशीच्या केंद्रकाचा उरलेला कण असतो. एरवी पाणथरी तो काढून टाकते. आता तो तसाच राहतो. जंतूंचेही तसेच होते. न्यूमोकॉकससारखे आवरणधारी जंतू रक्तातून वेचून काढणारा मुख्य अवयवच नाहीसा झालेला असतो. १९५२ साली पाणथरी काढलेल्या तान्ह्या मुलांतील घातक संसर्गाची नोंद प्रसिद्ध झाली, आणि तेव्हापासून शक्यतो मूल पाच-सहा वर्षांचे होईपर्यंत थांबण्याकडे कल आहे.

म्हणून न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झी बी) या जंतूंविरुद्धच्या लसी शस्त्रक्रियेच्या निदान दोन आठवडे आधी द्याव्यात. मुलांना पुढे पेनिसिलिनही चालू ठेवतात. आपल्याकडे विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक विकाराचे, रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी काहींची पाणथरी अचानक रक्त साठवून फुगते आणि हे वारंवार घडले तर ती काढावी लागते. त्यांच्यासाठी मलेरियाचा धोकाही लक्षात ठेवायला हवा, कारण पाणथरी नसलेल्याला तो अधिक गंभीर होऊ शकतो. अशा रुग्णाला थंडी वाजून ताप आला, तर तो उतरण्याची वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठावा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे की पाणथरी काढलेली आहे.