गुडघ्याचे लिगामेंट तुटल्यानंतर : शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्यापूर्वी आमच्या रुग्णांसाठी माहिती

आमच्या फिजिओथेरपी केंद्रात गुडघ्याचे लिगामेंट तुटलेली माणसे बहुधा हातात एमआरआयचा लिफाफा घेऊन येतात आणि खुर्चीत बसण्याआधीच विचारतात, "ऑपरेशन करावेच लागेल ना?" कोल्हापुरात हा प्रश्न विचारणाऱ्यांत पेठेच्या संघाकडून फुटबॉल खेळणारी मुले असतात, मॅटवर पाय अडकलेले पैलवान असतात, कबड्डीच्या चढाईत अंग वळले पण पाऊल जागीच राहिले अशा मुली असतात, आणि पावसाळ्यात दुचाकी घसरून पाय मुरगळलेली नोकरदार मंडळीही असतात. या सर्वांच्या रिपोर्टमध्ये "एसीएल पूर्ण तुटले आहे" हे एकच वाक्य असले, तरी त्यांना द्यायचे उत्तर एक नसते. ते कशावरून ठरते, हे सांगण्यासाठी हे पत्रक आहे. आमचा व्यवसाय व्यायाम शिकवण्याचा आहे, तेव्हा व्यायामाच्या बाजूने आम्ही जे लिहिले आहे ते आपण हे लक्षात ठेवूनच वाचावे आणि अस्थिरोगतज्ज्ञांचे मत अवश्य घ्यावे.

नेमके काय तुटते

गुडघ्याच्या आत मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना जोडणारी दोन लिगामेंट एकमेकांना फुलीसारखी छेदून जातात. त्यांपैकी पुढचे, म्हणजे एसीएल, नडगीला पुढे सरकू देत नाही आणि वळताना तिला गरकन फिरू देत नाही. सपाट रस्त्यावर सरळ चालताना त्याची उणीव फारशी भासत नाही. ती भासते धावता धावता दिशा बदलताना, उडी मारून एका पायावर उतरताना किंवा शेताच्या बांधावरून घाईने खाली येताना. इजा होते तेव्हा पुष्कळदा कोणी धडकलेलेही नसते. पाऊल रोवलेले असते, अंग वळते, आतून "कट्" असा आवाज येतो आणि दोन-चार तासांत गुडघा टम्म सुजतो. लोक याला "पाणी झाले" म्हणतात, परंतु इतक्या लवकर आलेली सूज बहुतेक वेळा सांध्यात साचलेल्या रक्ताची असते, आणि निदानाची ती एक महत्त्वाची खूण आहे.

डॉक्टर आपला गुडघा वीस-तीस अंशांत वाकवून एका हाताने मांडी पकडतात आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढतात, ती लॅचमन चाचणी. शाबूत गुडघ्यात, दोरी ताणून संपावी तसा, या ओढीला टक्कन शेवट लागतो. एसीएल तुटलेल्या गुडघ्यात तो शेवट मऊ असतो किंवा लागतच नाही. चांगला गुडघाही अशाच प्रकारे तपासला जातो, कारण काहींचे सांधे मुळातच सैल असतात. एमआरआयचा मुख्य उपयोग निदानाची खात्री करण्यासाठी आणि सोबत दोन हाडांमधली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटली आहे का हे पाहण्यासाठी होतो. निर्णयाच्या दृष्टीने गादीची स्थिती अनेकदा लिगामेंटच्या स्थितीइतकीच महत्त्वाची ठरते.

पहिले काही आठवडे

या काळात तीनच गोष्टी साधायच्या असतात : सूज उतरवणे, गुडघा पूर्ण सरळ करणे आणि मांडीचा पुढचा स्नायू जागा करणे. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे लावावा, पाय उशीवर उंच ठेवावा, आणि पहिल्या दिवसांत गरम शेक किंवा जोराची मालिश टाळावी. तालमीतल्या मालिशीच्या परंपरेबद्दल आम्हाला आदर आहे, पण रक्त साचलेल्या सांध्यावर जोर लावल्याने सूज वाढते, आणि "गुडघा बसवून घेण्यासाठी" केलेल्या ओढाताणीने फाटलेली गादी अधिक फाटू शकते.

सूज आली की मेंदू मांडीच्या पुढच्या स्नायूला दिली जाणारी आज्ञा रोखून धरतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची छोटी गुंडाळी ठेवावी, पाऊल स्वतःकडे ओढावे आणि गुडघ्याच्या मागच्या भागाने ती गुंडाळी दाबावी. चांगल्या पायात वाटीच्या वर मांस घट्ट गोळा होते आणि वाटी किंचित वर सरकते. दुखावलेल्या पायात रुग्ण कपाळाला घाम येईपर्यंत जोर लावतो आणि मांडी मात्र लोण्यासारखी मऊ राहते. म्हणून हा साधा दिसणारा व्यायाम दिवसातून पाच-सहा वेळा, दोन्ही पायांनी आणि मांडीवर हात ठेवून करावा. व्यायाम झाल्यावर गुंडाळी काढून टाकावी. आराम वाटतो म्हणून रात्रभर गुडघ्याखाली उशी घेऊन झोपल्यास गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडतो, आणि सरळ न होणारा गुडघा हा सैल गुडघ्यापेक्षा अधिक त्रासदायक असतो, असे आमचे मत आहे.

ज्यांनी थांबू नये

गुडघा एका जागी अडकून सरळच होत नसेल, तर गादीचा फाटलेला तुकडा सांध्यात अडकलेला असू शकतो. अशा वेळी व्यायामाने वाट पाहण्यात अर्थ नाही, लवकर शल्यविशारदांना दाखवावे. मोठ्या अपघातात एकाहून अधिक लिगामेंट तुटली असतील, पाऊल गार किंवा बधिर पडले असेल, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे, कारण गुडघ्यामागची रक्तवाहिनी दुखावलेली असण्याची शक्यता असते. वाढत्या वयाच्या मुलांच्या हाडांत वाढीच्या पट्ट्या खुल्या असतात, त्यामुळे त्यांचा निर्णय अशा शस्त्रक्रियांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडेच व्हावा.

निर्णय कशावरून घ्यावा

वरील प्रकार वगळता, ताज्या इजेनंतर घाई करण्याचे कारण क्वचितच असते. स्वीडनमध्ये १२१ तरुण, सक्रिय रुग्णांचे चिठ्ठी टाकावी तसे दोन गट करण्यात आले आणि त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. एका गटावर लवकर शस्त्रक्रिया झाली; दुसऱ्या गटाला आधी व्यायाम आणि गरज भासल्यास नंतर शस्त्रक्रिया अशी मुभा होती. दुसऱ्या गटातील ५९ जणांपैकी दोन वर्षांत २३ जणांनी आणि पाच वर्षांपर्यंत ३० जणांनी शस्त्रक्रिया करून घेतली, म्हणजे जवळपास निम्म्यांना ती लागली नाही. आणि दुखणे, हालचाल, खेळ यांविषयी रुग्णांनी स्वतः दिलेल्या गुणांत दोन गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. याच्या उलट, ब्रिटनमध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ३१६ रुग्णांच्या अभ्यासात शस्त्रक्रियेचा गट सरस ठरला. हे दोन निष्कर्ष एकमेकांना खोडतात असे वरकरणी वाटते, पण ब्रिटनमधील रुग्णांची इजा ताजी नव्हती. गुडघा सैल राहिल्याचा त्रास त्यांना पुढेही होत राहिला होता. जो गुडघा पुन्हा पुन्हा दगा देतो, त्याला केवळ व्यायामाच्या आशेवर ठेवू नये, असा आम्ही त्याचा अर्थ लावतो.

म्हणून आमचा सल्ला असा की, साधारण तीन महिने नेमाने व्यायाम करावा आणि त्या काळात गुडघा किती वेळा "सटकला" याची तारीखवार नोंद ठेवावी. दुखणे वेगळे आणि सटकणे वेगळे : पायऱ्या उतरताना वाटीभोवती कळ येणे म्हणजे सटकणे नव्हे, वरचे हाड एकीकडे आणि खालचे दुसरीकडे गेल्यासारखे होऊन माणूस आधार शोधतो, त्याला सटकणे म्हणतात. स्नायूंना बळ आल्यावरही असे होत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार गांभीर्याने करावा, कारण प्रत्येक सटकण्यात गादीला इजा होण्याचा धोका असतो. शस्त्रक्रिया ठरलीच, तरी हे तीन महिने वाया जात नाहीत. सूज उतरलेला, पूर्ण सरळ होणारा आणि बळकट मांडीचा गुडघा शस्त्रक्रियेनंतर कमी आखडतो.

यात आपले जगणेही मोजावे लागते. शाहू स्टेडियमवर पुन्हा उतरायचे असेल किंवा कुस्ती सोडायची नसेल, तर पारडे बहुधा शस्त्रक्रियेकडे झुकते. बँकेत काम करून सकाळी रंकाळ्यावर फिरणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थांचे अनेकदा तिच्यावाचून चालते. वय हा मात्र एकमेव निकष नाही. उसाच्या फडात ओबडधोबड जमिनीवर मोळी घेऊन चालणाऱ्या बाईची गरज एखाद्या खेळाडूहून कमी नसते. शस्त्रक्रियेने पुढे सांधा झिजणार नाही, अशी हमी कोणी दिल्यास ती स्वीकारू नये. एसीएल तुटलेल्या गुडघ्यात झिजेचा धोका दोन्ही मार्गांनी शिल्लक राहतो.

शस्त्रक्रिया ठरल्यास

बहुतेक वेळा तुटलेले लिगामेंट शिवले जात नाही, तर त्याच्या जागी नवे बसवले जाते. त्यासाठी मांडीच्या मागच्या स्नायूंचे टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा पट्टा), वाटीखालच्या टेंडनचा मधला पट्टा, वाटीवरचे टेंडन किंवा घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे टेंडन वापरतात. कोणते वापरणार आणि का, हे आधी विचारावे. कुस्तीत जमिनीवर गुडघे टेकावे लागतात आणि वाटीखालचा पट्टा काढल्यास गुडघा टेकताना दुखू शकते, म्हणून पैलवानांनी हा प्रश्न आवर्जून विचारावा. आरोग्य विम्यात नवे लिगामेंट हाडात पक्के करणारे स्क्रू आणि बटण यांचा खर्च धरला आहे का, याचीही लेखी खात्री करून घ्यावी.

बसवलेले टेंडन शरीरात रुजण्यास अनेक महिने लागतात आणि पहिल्या काही महिन्यांत ते काही काळ उलट कमकुवत होते. नेमका तेव्हाच रुग्णाला आपण बरे झालो असे वाटू लागते. नॉर्वेतील रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणे जितके महिने लांबवले, तितक्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा इजा होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटल्याचे आढळले. त्यामुळे हंगाम सुरू होतो आहे, प्रशिक्षक बोलावत आहेत, या कारणावर आम्ही खेळण्यास होकार देत नाही. नऊ महिने झालेले असावेत आणि मांडीची ताकद व एका पायावरची उडी चांगल्या पायाच्या किमान नव्वद टक्के भरावी, या दोन्ही अटी आम्ही पाळतो.

मांडी घालून बसणे आणि उकिडवे बसणे याची घाई करू नये. गादी शिवलेली असल्यास शल्यविशारद सांगतील तोवर भारतीय पद्धतीचे शौचालय वापरू नये आणि घरी कमोडची खुर्ची ठेवावी. मोटारसायकलला डाव्या पायाने गिअर आणि उजव्या पायाने ब्रेक लागतो, तर स्कूटरवर सिग्नलला गाडीचा भार एका पायावर पेलावा लागतो, त्यामुळे कोणता पाय आणि कोणती गाडी हे सांगूनच परवानगी घ्यावी. पोटरी अचानक दुखून सुजली, ताप आला किंवा टाक्यांतून पू आला, तर आमच्या पुढच्या वेळेची वाट न पाहता त्याच दिवशी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना दाखवावे. श्वास लागला किंवा छातीत दुखले तर थेट तातडीच्या विभागात जावे.

पहिल्या भेटीस येताना एमआरआयच्या केवळ रिपोर्टची प्रत न आणता फिल्मही आणाव्यात, सुरू असलेल्या औषधांची चिठ्ठी आणावी आणि गुडघ्याच्या वर जाईल अशी सैल चड्डी सोबत ठेवावी. साडी नेसणाऱ्या भगिनींसाठी बदलण्याची स्वतंत्र खोली आहे. पहिली तपासणी सुमारे एक तास चालते, आणि त्यातला बराच वेळ आम्ही आपला चांगला पाय मोजण्यात घालवतो.