स्मार्ट दुर्बीण

स्मार्ट दुर्बीण : भिंग, कॅमेऱ्याचा सेन्सर, मोटरवर फिरणारा माउंट (दुर्बीण धरून वळवणारा आधार), छोटा कॉम्प्युटर आणि बॅटरी हे सगळं एकाच बंदिस्त खोक्यात बसवलेली आणि मोबाईलच्या ॲपवरून चालणारी दुर्बीण. बहुतेक मॉडेल्सना डोळा लावायला आयपीस नसतोच, चित्र थेट फोनवर येतं. त्यामुळे हिला दुर्बीण म्हणायचं का आकाशाचा कॅमेरा, असा वाद जुने निरीक्षक अजून घालतात. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, पण काम बघितलं तर कॅमेरा हे वर्णन जास्त जवळचं वाटतं, आणि नवशिक्याने तसंच समजून घेतलं तर पुढचा बराच अपेक्षाभंग टळतो. या नोंदीत मुख्यतः लहान, हलक्या आणि त्यातल्या त्यात परवडणाऱ्या स्मार्ट दुर्बिणींचा विचार केलाय, मोठ्यांचा उल्लेख इतिहासापुरता.

पहिली कोणती : याचं उत्तर 'स्मार्ट' कशाला म्हणायचं त्यावर अवलंबून आहे. नुसती स्वतःहून तारा शोधणारी दुर्बीण एवढाच अर्थ घेतला तर मूळ बरंच मागे जातं. 'गो-टू' म्हणजे बटण दाबलं की त्या ताऱ्याकडे वळणाऱ्या दुर्बिणी १९९० च्या दशकात हौशी लोकांच्या हातात आल्याच होत्या, फक्त त्यांना सुरुवातीला दोन-तीन तारे माणसाने दाखवून द्यावे लागायचे. २००९ मध्ये मीड कंपनीने एलएस मालिका आणली, तिच्यात जीपीएस आणि एक छोटा कॅमेरा होता आणि दुर्बीण स्वतःच स्वतःची जुळणी करायची, म्हणून काही जण पहिलेपणाचा मान तिला देतात. पण तिथेही बघायचं ते डोळ्यानेच, समोरचा अंधुक तेजोमेघ (अवकाशातला वायू-धुळीचा ढग) अंधुकच राहायचा. दुसरा धागा व्हिडिओ ॲस्ट्रॉनॉमीचा. संवेदनशील व्हिडिओ कॅमेरा आयपीसच्या जागी लावून टीव्हीवर तेजोमेघ बघणारे हौशी लोक खूप आधीपासून होते, त्यांनीच 'लाइव्ह स्टॅकिंग' म्हणजे एकामागून एक येणाऱ्या फ्रेम तिथल्या तिथे एकमेकांवर रचत जाण्याची पद्धत रुळवली, फक्त त्यासाठी लॅपटॉप, केबल्स, वेगळा माउंट असा सगळा संसार सोबत न्यावा लागायचा.

आज आपण ज्याला स्मार्ट दुर्बीण म्हणतो ते हे दोन धागे एका खोक्यात आल्यावर जन्मलं, आणि तिथे दोन दावेदार आहेत, दोन्ही फ्रान्समधले. मार्सेच्या युनिस्टेलर कंपनीने ११४ मिलिमीटर आरशाच्या ईव्हीस्कोपसाठी २०१७ च्या शेवटी लोकवर्गणीची मोहीम सुरू केली. माँपेलिएच्या व्हाओनिस कंपनीने ८० मिलिमीटर भिंगाची स्टेलिना २०१८ च्या सुरुवातीला लोकांपुढे मांडली आणि २०१९ मध्ये ती ग्राहकांच्या हाती पडायला लागली. घोषणा धरली तर ईव्हीस्कोप पुढे जाते, हातात पडणं धरलं तर स्टेलिनाची बाजू जड होते. आयपीस पूर्ण काढून टाकायचं धाडस स्टेलिनाने केलं (ईव्हीस्कोपमध्ये आत छोटा पडदा असलेला इलेक्ट्रॉनिक आयपीस होता), त्यामुळे आजच्या स्वस्त दुर्बिणींची थेट पूर्वज तीच, असं मानायला जागा आहे. मीडच्या एलएसला मात्र या वंशात काकाचं स्थान द्यावं, वडिलांचं नको.

स्वस्त पिढी : स्टेलिनाचं वजन ११ किलोच्या वर, ईव्हीस्कोप ट्रायपॉडसकट ९ किलोच्या आसपास, आणि किंमत नवशिक्याच्या आवाक्याबाहेर. २०२० मध्ये जाहीर झालेल्या व्हाओनिसच्याच ५० मिलिमीटर व्हेस्पेराने आकार खाली आणला, पण खरा बदल चिनी कंपन्यांनी केला. ड्वार्फलॅबची ड्वार्फ २ फक्त २४ मिलिमीटर भिंगाची, हातात मावणारी. मग २०२३ मध्ये झेडडब्ल्यूओची सीस्टार एस५० आली, ५० मिलिमीटर भिंग, २५० मिलिमीटर फोकल लेंथ (भिंगापासून चित्र उमटतं तिथपर्यंतचं अंतर, ते जितकं कमी तितकं आकाश जास्त मावतं), वजन अडीच किलो, दव पडू नये म्हणून भिंगाला हीटर, आत ६४ जीबी साठवण, आणि किंमत पहिल्या पिढीच्या कित्येक पट खाली. २०२४ मध्ये ड्वार्फ ३ (३५ मिलिमीटर, १.३ किलो) आणि वर्षअखेरीस सीस्टार एस३० (३० मिलिमीटर, १.६५ किलो) आल्या. त्याच वर्षी सेलेस्ट्रॉनची ६ इंची ओरिजिनही आली, पण ती परवडणाऱ्या आणि उचलून नेण्याजोग्या या दोन्ही व्याख्यांत बसत नाही.

इतकी स्वस्ताई आली कुठून, तर भिंगातून नाही. भिंग लहान झालं हे खरं, पण मुख्य कारण सेन्सर. सोनीची स्टार्व्हिस मालिका मुळात पाळत ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी, रात्रीच्या अंधाऱ्या गल्लीत माणूस ओळखता यावा म्हणून बनवलेली. सीस्टार एस५० मधला आयएमएक्स४६२ त्याच घरातला, आणि हे सेन्सर प्रचंड संख्येने बनतात म्हणून स्वस्त. चोर पकडायच्या गरजेतून आलेला सेन्सर हजारो प्रकाशवर्षं दूरचा तेजोमेघ दाखवतोय, या क्षेत्रातली ही गोष्ट मला सगळ्यात सुंदर वाटते.

दिशा कशी कळते : दुर्बीण जमिनीवर ठेवून चालू केली की ती एक फोटो काढते आणि त्यातले तारे बघून आपण नेमकं कुठे बघतोय ते ओळखते. याला 'प्लेट सॉल्व्हिंग' म्हणतात, आणि प्लेट हा शब्द काचेच्या फोटोप्लेटच्या काळातला उरलाय. काहीच माहिती नसताना ओळखण्याची आज सर्वात प्रसिद्ध असलेली पद्धत डस्टिन लँग, डेव्हिड हॉग आणि सहकाऱ्यांनी ॲस्ट्रोमेट्री डॉट नेट या प्रकल्पात विकसित केली, तिच्यावरचा मुख्य शोधनिबंध २०१० चा. कल्पना अशी, की चित्रातले चार तारे घ्यायचे, त्यातले एकमेकांपासून सर्वात लांब असलेले दोन म्हणजे मोजपट्टीची दोन टोकं मानायची, आणि उरलेल्या दोघांच्या जागा त्या मोजपट्टीवर मोजायच्या. चार आकडे मिळतात आणि चित्र फिरवा, लहान-मोठं करा, ते आकडे बदलत नाहीत. मग तेच आकडे आधी बनवून ठेवलेल्या यादीत शोधायचे, जुळले की बाकीचे तारे ताडून खात्री करायची. प्रत्येक दुर्बिणीत हीच पद्धत जशीच्या तशी असते असं नाही. ॲपला फोनवरून जागा आणि वेळ आधीच माहीत असते, त्यामुळे शोधायचा भाग पुष्कळ लहान होतो, पण चित्रातली नक्षी आणि यादी जुळवायची हे तत्त्व तेच.

स्टॅकिंग : १० सेकंदांची एक फ्रेम बघितली तर त्यात खरखर, म्हणजे दाणेदार ठिपकेच जास्त दिसतात. अशा फ्रेम तारे जुळवून एकमेकांवर ठेवत गेलं की खरा प्रकाश फ्रेमच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो आणि खरखर फक्त वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे १०० फ्रेमनी चित्र १० पट स्वच्छ, आणि दुप्पट स्वच्छ हवं असेल तर चौपट वेळ. म्हणूनच पहिल्या १० मिनिटांत जादू झाल्यासारखी वाटते आणि नंतर सुधारणा मंदावल्यासारखी वाटते, दुर्बीण बिघडलेली नसते, हे गणितच तसं आहे. हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० ला मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो घेतला तेव्हा ११ इंची दुर्बिणीने ५१ मिनिटांचं एक सलग एक्स्पोजर दिलं होतं, आणि आज २ इंची भिंगाची दुर्बीण तोच तेजोमेघ काही मिनिटांत रंगात दाखवते.

क्षेत्रभ्रमण : हा भाग जरा लांबणार आहे, कारण या दुर्बिणींची सगळ्यात मोठी मर्यादा इथेच आहे आणि जाहिरातीत ती सांगत नाहीत. या दुर्बिणी वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरतात, म्हणजे उन्नतांश (क्षितिजापासूनची उंची) आणि दिगंश (उत्तरेपासून मोजलेली दिशा) या पद्धतीच्या. आकाश मात्र ध्रुवाभोवती फिरतं. त्यामुळे दुर्बिणीने तारा अगदी मध्यभागी धरून ठेवला तरी त्याच्या भोवतीचं चित्र हळूहळू गोल फिरत राहतं. फिरण्याचा वेग काढायचा तर १५ विकला प्रति सेकंद हा पृथ्वीच्या फिरण्याचा वेग घ्यायचा, त्याला अक्षांशाच्या आणि दिगंशाच्या कोसाइनने गुणायचं आणि उन्नतांशाच्या कोसाइनने भागायचं (६० विकला म्हणजे एक कला, ३६०० विकला म्हणजे एक अंश). यातून तीन गोष्टी निघतात. तारा बरोबर पूर्वेला किंवा पश्चिमेला असेल तर भ्रमण शून्य. उत्तर-दक्षिण दिशेला जास्तीत जास्त. आणि डोक्यावर, खस्वस्तिकाजवळ, भागाकारातला आकडा शून्याकडे जातो म्हणून वेग आवाक्याबाहेर.

आकड्यात बघू. विषुववृत्तावर उभं राहून ६० अंश उंचीवरच्या दक्षिणेकडच्या ताऱ्याकडे बघितलं तर चित्र सेकंदाला ३० विकला फिरतं, १० सेकंदात ५ कला, आणि सीस्टार एस५० च्या १९२० × १०८० पिक्सेलच्या चौकटीत कोपऱ्यातला तारा दीडेक पिक्सेल सरकतो, ते चालून जातं. तोच तारा ८५ अंशांवर असेल तर कोपऱ्यात सरकणं नऊ पिक्सेलच्या आसपास जातं आणि ताऱ्याची रेघ होते. म्हणून एक्स्पोजर १०, २०, ३० सेकंदांपुरतं ठेवलेलं असतं आणि डोक्यावरचं टाळा असं अनुभवी लोक सांगतात. फ्रेम लहान असल्या तरी तासाभरात एकूण भ्रमण साठत जातंच, सॉफ्टवेअर फ्रेम उलट फिरवून जुळवतं पण कोपरे मात्र कमी फ्रेमचे, खरखरीत राहतात. स्टेलिनामध्ये यासाठी सेन्सर फिरवणारी वेगळी यंत्रणा होती, स्वस्त पिढीत ती गेली. दुसरा उपाय म्हणजे दुर्बीण तिरकी करून तिचा अक्ष ध्रुवाकडे रोखायचा, म्हणजे विषुववृत्तीय पद्धत; ड्वार्फ ३ आणि नंतर सॉफ्टवेअर अपडेटमधून सीस्टारलाही ही सोय मिळाली. थोडंफार भ्रमण फायद्याचंही ठरतं हे इथे नोंदवायला हवं, सेन्सरचे ठरलेल्या जागचे दोष त्यामुळे ताऱ्यांच्या तुलनेत हलत राहतात आणि स्टॅकमध्ये पुसले जातात.

काय दिसतं, काय नाही : एस५० मध्ये एक पिक्सेल साधारण २.४ विकलांचा. चंद्र पावणेआठशे पिक्सेलभर मोठा, छान दिसतो. गुरू जास्तीत जास्त वीसेक पिक्सेल, म्हणजे पट्टे धूसर, आणि शनीचं कडं आहे एवढं कळतं. ग्रहांसाठी हे यंत्रच नाही आणि कोणी ग्रह बघायला घेत असेल तर त्याला आधीच सांगावं. चौकट १.२७ × ०.७१ अंशांची, देवयानी दीर्घिका लांबीला तीन अंशांच्या आसपास, त्यामुळे ती मावत नाही, मोझेक म्हणजे शेजारशेजारचे फोटो जोडून एक चित्र काढावं लागतं. इथे कमी फोकल लेंथवाल्या लहान बहिणी सरस ठरतात, एस३० ची चौकट साधारण २.१ × १.२ अंश आणि ड्वार्फ ३ ची २.९ × १.६ अंश. उलट स्वरमंडळातला कंकणाकृती तेजोमेघ एस५० मध्येसुद्धा जेमतेम ३५ पिक्सेल. गोलाकार तारकागुच्छ, मोठे तेजोमेघ, कृत्तिका, धूमकेतू यात मात्र या दुर्बिणी मन जिंकतात.

शहरातून बघणाऱ्यांसाठी ड्युअल बँड फिल्टर ही मोठी सोय, हायड्रोजनचा ६५६.३ आणि ऑक्सिजनचा ५००.७ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश तेवढा आत सोडायचा आणि बाकीचा उजेड अडवायचा. स्वतः चमकणाऱ्या तेजोमेघांवर हा फिल्टर कमाल करतो. दीर्घिकांवर त्याचा उपयोग नाही, कारण त्यांचा प्रकाश ताऱ्यांचा, सगळ्या तरंगलांबीत पसरलेला. तिथे अंधारं आकाश गाठण्याला पर्याय नाही. सूर्याकडे वळवायची तर भिंगाच्या पुढे सौर फिल्टर लावल्याशिवाय कधीही नाही, सेन्सर जळतो.

ॲपमधलं चित्र आपोआप ताणलेलं, उजळलेलं असतं, काही ॲपमध्ये खरखर काढायला एआय पण आहे. चित्र सुंदर होतं यात वाद नाही, पण मोजमाप करायचं असेल तर कच्च्या फिट्स (खगोलशास्त्रात वापरला जाणारा फाइलचा प्रकार) फाइल जपून ठेवाव्यात, एआयने गुळगुळीत केलेल्या चित्रावर मोजमाप करू नये.

शास्त्रीय उपयोग : युनिस्टेलर आणि सेटी इन्स्टिट्यूट (परग्रहांवरच्या जीवसृष्टीचा शोध घेणारी अमेरिकन संस्था) यांच्या सहकार्यातून लघुग्रहांची पिधानं (लघुग्रहाने ताऱ्याला झाकणं), दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांची अधिक्रमणं (ग्रहाने आपल्या ताऱ्यासमोरून जाणं) अशी निरीक्षणं हौशी लोक करतात. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाचं डार्ट यान डायमॉर्फॉस या छोट्या लघुग्रहावर आदळलं त्याची निरीक्षणं अशा दुर्बिणींनी केली होती आणि उडालेल्या धुळीचा उजेड आणि रंग यावरचा त्यांचा निबंध २०२३ मध्ये नेचरमध्ये आला. लहान, स्वस्त दुर्बिणींनीही रूपविकारी (उजेड कमी-जास्त होणाऱ्या) ताऱ्यांची प्रत, म्हणजे तेजस्विता, मोजता येते, त्यासाठी साधारणपणे रंगीत सेन्सरमधला हिरवा भाग वेगळा काढून शेजारच्या माहितीतल्या ताऱ्यांशी तुलना करतात. तारा सेन्सरवर पांढरा फटक होऊन संपृक्त होणार नाही एवढं बघावं लागतं, नाहीतर आकडा चुकतो.