पिवळे पडलेले सहा नमुने

१९८६चा फेब्रुवारी. मद्रासहून वेल्लोरजवळच्या काटपाडीला निघालेल्या रात्रीच्या गाडीत एक नवरा-बायको बर्फाचा डबा सांभाळत बसले होते. डब्यात रक्तद्रवाचे ऐंशीहून जास्त नमुने. मद्रासमध्ये एचआयव्हीसाठी एलायझा चाचणीची सोय नव्हती, म्हणून हा डबा वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पोचवायचा होता. डबा घेऊन निघालेली बायको म्हणजे मद्रास मेडिकल कॉलेजची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला. तिला हा विषय दिला होता तिच्या प्राध्यापक सुनीती सॉलोमन यांनी.

सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे. मद्रासमध्ये चामड्याचा व्यापार करणाऱ्या महाराष्ट्रीय घरातल्या, सात भावांतली एकुलती बहीण. डॉक्टर झाल्यावर काही वर्षं परदेशात काढून १९७३मध्ये त्या परतल्या आणि सूक्ष्मजीवशास्त्राकडे वळल्या.

अमेरिकेत एड्सचे रुग्ण १९८१पासून सापडत होते. आपल्याकडे मात्र हा ‘त्यांचा’ रोग, ही समजूत पक्की होती. त्यात मुंबईतल्या तपासण्यांत काही सापडलेलं नव्हतं, त्यामुळे मद्रासमध्ये काय निघणार? सुनीतीबाईंचा हिशेब सरळ होता. संसर्ग शिरला असेल, तर तो आधी देहविक्री करणाऱ्या स्त्रियांत दिसेल. पण मुंबईसारखी ठरलेली वस्ती मद्रासमध्ये नव्हती. निर्मलाने सरकारी सुधारगृहात जाऊन तिथल्या अशा स्त्रियांचं रक्त घेतलं. नमुने राहिले घरच्या फ्रिजमध्ये. त्याच फ्रिजमध्ये दूधही असणार!

एलायझा विषाणूला शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेल्या प्रतिपिंडांना शोधते. प्लास्टिकच्या पट्टीवरच्या इवल्या खळग्यांत विषाणूची प्रथिनं चिकटवलेली असतात. त्यांवर रक्तद्रव घातलं, की प्रतिपिंडं असल्यास ती तिथे घट्ट बसतात. खळगा धुतला तरी निघत नाहीत. मग त्या प्रतिपिंडांना धरणारं, विकर (एन्झाइम) जोडलेलं दुसरं रसायन घालतात. शेवटी जो द्रव घालतात, त्याला विकर रंग आणतं. रंग नाही, तर प्रतिपिंडं नाहीत.

वेल्लोरला सहा खळगे पिवळे झाले.

आता यावर लगेच विश्वास ठेवायचा नसतो. समजा, एखादी चाचणी निरोगी माणसांत शंभरात एकदा चुकते. मग हजार निरोगी माणसं तपासली, तर दहा जण उगीचच बाधित ठरतील. रोग जितका दुर्मीळ, तितका हा धोका मोठा, आणि तोवर भारतात हा रोग सापडलेलाच नव्हता. विषाणुतज्ज्ञ जेकब जॉन यांनी चाचणी पुन्हा करायला लावली. निकाल तोच. त्या सहा जणींचं रक्त पुन्हा घेतलं गेलं आणि अमेरिकेत त्याची वेस्टर्न ब्लॉट झाली. या चाचणीत विषाणूची प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी करून पट्टीवर उतरवतात, आणि रक्तातली प्रतिपिंडं नेमकी कोणकोणत्या प्रथिनांना धरतात ते पाहतात. एकाऐवजी अनेक खुणा जुळाव्या लागतात. त्या जुळल्या. भारतातल्या एचआयव्हीचा हा पहिला पुरावा.

इथवरची गोष्ट बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते. मला सुनीतीबाईंचं पुढचं काम जास्त महत्त्वाचं वाटतं. १९९३मध्ये त्यांनी वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र काढलं. तिथे येणाऱ्या बायका बहुतेक गृहिणी होत्या. तिथल्या १३४ बाधित स्त्रियांच्या एका अभ्यासात दहापैकी जवळजवळ नऊ जणींचा संबंध फक्त नवऱ्याशी आलेला होता. पुण्याच्या संशोधकांनाही १९९७मध्ये असंच चित्र दिसलं होतं. ‘वाईट वागणाऱ्यांचा रोग’ म्हणणाऱ्यांना यावर काय उत्तर होतं?

मग नवरा-बायकोपैकी एकच बाधित असेल, तर दुसऱ्याला वाचवायचं कसं? त्याचा शोध घेणाऱ्या एचपीटीएन ०५२ नावाच्या औषध-प्रयोगात नऊ देशांतली १,७६३ जोडपी होती, आणि चेन्नईचं हे केंद्र व पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था त्यात सहभागी होत्या. अर्ध्या जोडप्यांत बाधित जोडीदाराला औषधं लगेच सुरू केली, उरलेल्यांत प्रतिकारशक्ती घसरल्यावर. ज्याला नवा संसर्ग झाला, त्याच्या विषाणूची जनुकीय ओळख जोडीदाराच्या विषाणूशी ताडून पाहिली, म्हणजे तो घरातूनच आला की बाहेरून, ते कळावं. २०११चे आकडे असे: जोडीदाराकडूनच आलेले २८ संसर्ग, त्यातले २७ उशिरा औषध सुरू केलेल्या गटात, लगेच सुरू केलेल्यांत फक्त एक. औषधांनी रक्तातला विषाणू इतका खाली जातो, की तो पुढे पोचायलाच उरत नाही.

सुनीतीबाई २०१५मध्ये गेल्या. मरणोत्तर पद्मश्री २०१७ची. त्यांच्या केंद्रात आणखी एक काम चालायचं, बाधित मुलामुलींची लग्नं जुळवण्याचं. शिक्षण, भाषा, मिळकत हे सगळं पाहिलं जायचंच. पत्रिकेच्या जागी असायचे रक्तातल्या विषाणूचे आणि पांढऱ्या पेशींचे आकडे.