रात्रीचं रेकॉर्डिंग आणि सकाळचं स्कोअरिंग: स्लीप लॅबमध्ये दोघांवरची देखरेख वेगळी का लागते

"कालची स्टडी नीट झालेली नाही." स्टडी म्हणजे पेशंट झोपलेला असताना त्याची झोप आणि श्वास टिपणारी तपासणी. स्लीप लॅबच्या सुपरवायझरकडे येणारी तक्रार बहुतेक वेळा एवढ्याच शब्दांत येते, आणि तिच्यातून काहीच हाती लागत नाही. रात्री पेशंटच्या पोटावरचा बेल्ट सरकला होता, की दुसऱ्या दिवशी कुणी झोपेचे टप्पे चुकीचे धरले? पहिली चूक रेकॉर्डिंगची आहे, दुसरी स्कोअरिंगची, म्हणजे टिपलेले सिग्नल वाचून त्यांना टप्पे आणि घटनांची नावं देण्याची. लहान लॅबमध्ये ही दोन्ही कामं बरेचदा एकाच माणसाकडे असतात, त्याच्या ओळखपत्रावर नुसतं 'स्लीप टेक्नॉलॉजिस्ट' लिहिलेलं असतं, त्यामुळे रुग्णालयाच्या व्यवस्थापनालाच काय, नव्याने सुपरवायझर झालेल्यालाही ती एकच वाटतात. तशी ती नाहीत. एक काम काळाशी बांधलेलं आहे. गेलेला क्षण परत येत नाही. दुसरं काम कितीही वेळा पुन्हा करता येतं, पण तिथे चूक झालेली दिसतच नाही. म्हणून दोघांवर एकच फूटपट्टी लावली की दोन्हीकडे नुकसान होतं.

आधी रात्र. पेशंट आठ-साडेआठला येतो. डोक्यावर मोजमाप घेऊन इलेक्ट्रोड लावायचे, डोळ्यांच्या बाजूला, हनुवटीवर, दोन्ही पायांच्या नडग्यांवर, छातीवर ईसीजीसाठी. नाकाशी दोन वेगळे सेन्सर: एक हवेच्या तापमानावर चालणारा, दुसरा दाबावर चालणारी कॅन्युला, म्हणजे नाकात बसणारी बारीक नळी. छातीला आणि पोटाला एकेक बेल्ट, बोटाला ऑक्सिजनची क्लिप, घोरण्याचा माइक, खोलीत कॅमेरा. डोक्यावरच्या इलेक्ट्रोडचा इम्पिडन्स, म्हणजे त्वचेशी जोडणीतला विजेचा अडथळा, ५ किलोओहमच्या आत आणायचा. पुण्यात या पायरीवर वेळ खाणारी गोष्ट म्हणजे खोबरेल तेल. अपॉइंटमेंट देताना 'केस धुऊन या, तेल लावू नका' हे दोनदा सांगितलं नाही, तर पेशंट छान चापून तेल लावून येतो, टाळू कितीही घासली तरी पेस्ट धरत नाही, आणि पहाटे इलेक्ट्रोड एकेक करून सुटायला लागतात. फोनवर कोण काय सांगतं, हेही सुपरवायझरचंच काम आहे.

फोनवरच विचारायचा दुसरा प्रश्न: रोज किती वाजता झोपता? हिंजवडीत रात्रपाळी करून सकाळी नऊला झोपणाऱ्या मुलाला रात्री दहाला दिवा बंद करून झोप म्हटलं, तर तो तीनपर्यंत छताकडे बघत राहील आणि रिपोर्टवर निद्रानाश उमटेल. अशा पेशंटची स्टडी त्याच्या झोपेच्या वेळेलाच लावली पाहिजे, म्हणजे दिवसा. ड्युटी लावताना गैरसोय होते, ती सोसावी. गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोल-ताशाच्या तालमी चालू असतात, तेव्हा नदीकडच्या खोल्यांमध्ये दिवा बंद करायची वेळ मागे ढकलावी लागते. विसर्जनाच्या रात्री तर आम्ही स्टडी लावतच नाही.

सगळं लावून झालं की बायोकॅलिब्रेशन किंवा बायोकॅल, म्हणजे प्रत्येक सेन्सर नीट टिपतोय ना याची पेशंट जागा असतानाच घेतलेली चाचणी. माइकवरून पेशंटला सांगायचं: डोळे उघडे ठेवा, आता मिटा, मान न हलवता वर-खाली बघा, डावीकडे-उजवीकडे बघा, दात आवळा, पाय हलवा, श्वास रोखून धरा, घोरल्यासारखा आवाज काढा. पाच मिनिटांचं काम. थकलेला टेक्नॉलॉजिस्ट हेच पहिल्यांदा गाळतो, कारण गाळलं तरी रात्रभर कुठे अडत नाही. अडतं ते दुसऱ्या दिवशी, स्कोअरिंगला बसलेल्याचं.

यानंतर रात्रीचं खरं कौशल्य सुरू होतं, आणि ते हाताचं कमी, निर्णयाचं जास्त आहे. अडीच वाजता पेशंट कुशीवर वळला आणि कॅन्युला नाकातून निघाली. आत जायचं का? गेलात तर तो जागा होईल, न गेलात तर नाकाचा सिग्नल गेला. डोक्यावरचा एखादा इलेक्ट्रोड गेला असेल, तर दुसऱ्या बाजूची राखीव जोडी असते, तिच्यावर भागतं, थांबता येतं. कॅन्युलाचं तसं नाही. तापमानाचा सेन्सर चालू आहे, म्हणजे पूर्ण थांबलेला श्वास कळेल, पण अर्धवट कमी झालेला श्वास, ज्याला हायपॉप्निया म्हणतात, तो मुख्यतः दाबाच्या सिग्नलवर धरला जातो. शिवाय रेम झोप, म्हणजे स्वप्नांची झोप, रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त असते, आणि बऱ्याच पेशंटचे श्वास रेममध्ये, त्यातही उताणं झोपल्यावर, सगळ्यात वाईट होतात. पहाटे चारनंतरचा एक तास गमावणं हे रात्री अकराचा एक तास गमावण्यासारखं नाही. हे ज्याला पक्कं कळलंय तो अडीचला हळूच आत जातो, कॅन्युला बसवतो, बाहेर येऊन वेळेसकट नोंद टाकतो. ज्याला कळलेलं नाही तो 'पेशंट डिस्टर्ब होईल' म्हणून सकाळपर्यंत बसून राहतो, आणि त्याचा हेतू चांगलाच असतो.

सीपॅपचं (मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र) टायट्रेशन, म्हणजे पेशंटला किती दाब लागतो ते शोधणं, असेल तर जबाबदारी आणखी वाढते, कारण तिथे टेक्नॉलॉजिस्ट नुसतं टिपत नाही, उपचाराचा दाब ठरवतो. साधारणपणे पाण्याच्या ४ सेंटिमीटर दाबावर सुरुवात, मग निदान ५ मिनिटं थांबून, घशातल्या अडथळ्यामुळे श्वास दोनदा पूर्ण थांबला किंवा तीन हायपॉप्निया दिसले, तर किमान १ सेंटिमीटर वर. रात्रीचा पहिला भाग तपासणीचा आणि उरलेला टायट्रेशनचा असं करायचं असेल, तर किमान दोन तासांच्या रेकॉर्डिंगमध्ये तासाला श्वास थांबण्याच्या किंवा कमी होण्याच्या ४० घटना दिसायला हव्यात आणि टायट्रेशनला तीन तासांहून अधिक वेळ उरायला हवा, हा जुना आणि अजून वापरात असलेला आडाखा. म्हणजे एकाच वेळी मनातल्या मनात स्कोअरिंग, घड्याळावर नजर आणि मास्कमधून हवा गळते का ते बघणं. एका टेक्नॉलॉजिस्टकडे दोनच पेशंट, ही सर्वसाधारण रीत उगीच पडलेली नाही. तिसरा पेशंट देऊन मग 'नोंदी अपुऱ्या का' असं विचारणारा सुपरवायझर स्वतःच्या निर्णयाचं खापर दुसऱ्यावर फोडत असतो.

आता स्कोअरिंग. रेकॉर्डिंग ३० सेकंदांच्या तुकड्यांत, म्हणजे इपॉकमध्ये, वाचतात. आठ तासांचे ९६० इपॉक. प्रत्येकाला एक टप्पा द्यायचा: जाग, एन १, एन २, एन ३ (हलक्या झोपेपासून गाढ झोपेपर्यंत) किंवा रेम. १९६८च्या रेक्टशाफेन आणि केल्स यांच्या नियमावलीत गाढ झोपेचे ३ आणि ४ असे दोन टप्पे होते; अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २००७ साली ते एकत्र करून एन ३ केला. नियम स्पष्ट आहेत. एन ३ म्हणायला इपॉकचा निदान २० टक्के भाग, म्हणजे ६ सेकंद, मेंदूच्या संथ लाटांचा हवा. तरीही माणसं एकमेकांशी जुळत नाहीत. या अकॅडमीच्या पडताळणी उपक्रमात अडीच हजारांहून जास्त स्कोअरर होते, बहुतेक अनुभवी. बहुमताशी त्यांचं जुळणं सरासरी ८२.६ टक्के भरलं. रेमला सगळ्यात चांगलं, एन ३ला ६७.४, एन १ला फक्त ६३. म्हणजे दोन चांगली माणसं एन १वर भांडत असतील, तर त्यात आळशी कोण हे शोधत बसू नये. तो टप्पाच तसा आहे.

पण त्या भांडणाचा परिणाम पेशंटवर होतो. समजा श्वासाच्या घटना दोघांनीही ८४च धरल्या. एकाच्या मते पेशंट ६ तास झोपला: तासाला १४, सौम्य आजार. दुसऱ्याने काठावरचे अर्ध्या तासाचे इपॉक जाग म्हणून काढले, झोप साडेपाच तास: तासाला १५च्या वर, मध्यम आजार. एकाही श्वासावर मतभेद नाही, तरी निदानाचा शब्द बदलला. हायपॉप्नियाचा नियमही तसाच. ऑक्सिजन ३ टक्के उतरला किंवा मेंदूला क्षणभर जाग आली तरी घटना धरायची, की ४ टक्के उतरला तरच धरायची? दोन्ही व्याख्या वापरात आहेत. सडपातळ पेशंटमध्ये ऑक्सिजन फारसा न उतरता झोपच मोडत राहते, ४ टक्क्यांच्या नियमाने अशी माणसं नॉर्मल ठरू शकतात. कुठला नियम लावला हे रिपोर्टवर छापलंच पाहिजे, आणि एका लॅबमध्ये दोन स्कोअरर दोन नियम लावत नाहीत ना, हे सुपरवायझरने स्वतः बघितलं पाहिजे.

या दोन्ही कामांची गाठ कुठे पडते, ते एका प्रसंगावरून दिसेल. स्कोअरिंग शिकणाऱ्या एका मुलीने मला हाक मारली. "मॅडम, ओळीने सेंट्रल अॅप्निया दिसतायत." अॅप्निया म्हणजे पूर्ण थांबलेला श्वास. स्क्रीनवर खरंच तसं होतं: नाकाचा सिग्नल सपाट, छातीचा आणि पोटाचा बेल्ट जवळजवळ सपाट. म्हणजे श्वास घ्यायची धडपडच नाही, मेंदूकडून आज्ञाच येत नाही. घसा बंद पडून होणाऱ्या ऑब्स्ट्रक्टिव्ह अॅप्नियात बेल्ट हलत राहतात, बरेचदा छाती आणि पोट उलटसुलट.

म्हटलं, "आधी बायोकॅल उघड. जागेपणी बेल्ट किती हलत होते ते बघ." लाटा भरघोस होत्या. "आता दोन वाजताचा, साधा श्वास चालू असतानाचा भाग काढ." तिथे हवा नीट आत-बाहेर होत होती आणि बेल्टची लाट मात्र नखाएवढी. बेल्ट ढिला होऊन वर सरकला होता. प्रत्येक घटनेच्या शेवटी घोरण्याच्या माइकवर जोराचा फटकारा होता, हनुवटीच्या सिग्नलवर श्वासागणिक ताण होता. धडपड होती, फक्त बेल्टला ती कळत नव्हती. हे जर सेंट्रल म्हणून गेलं असतं, तर डॉक्टरांनी पेशंटचं हृदय तपासलं असतं, कुठली औषधं चालू आहेत ते खणलं असतं, आणि घसा बाजूला राहिला असता.

इथे स्कोअरर सावध निघाला म्हणून निभावलं. पण बायोकॅल केलेलं नसतं, तर तिच्या हातात तुलनेला काय होतं? आणि बेल्ट दीड वाजता आवळला असता, तर हा प्रश्नच आला नसता. नासलेल्या दुधात कितीही साखर घातली तरी त्याची बासुंदी होत नाही. खराब रेकॉर्डिंगला चांगला स्कोअरर सांभाळून घेऊ शकतो, दुरुस्त करू शकत नाही.

म्हणून देखरेख कशी करायची? रात्रपाळीचं काम रिपोर्टवरून कधीच जोखू नये. रिपोर्टमध्ये सुबक आकडे येतात, सिग्नल कसाही असो. कच्चं रेकॉर्डिंग उघडावं: बायोकॅल आहे का, दिवा बंद-चालूच्या वेळा आहेत का, सिग्नल बिघडल्यापासून टेक्नॉलॉजिस्ट खोलीत जाईपर्यंत किती वेळ गेला, आणि गेला नसेल तर का गेला नाही ते लिहिलंय का. शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 'रेम चालू आहे, संपल्यावर जातो' एवढी एक ओळ असेल, तर निर्णय चुकला तरी माणूस विचार करत होता हे कळतं. शिवाय अधूनमधून सुपरवायझरने रात्री स्वतः येऊन बसावं. सकाळी नऊ ते पाच ड्युटी करून रात्रपाळी सांभाळता येत नाही.

स्कोअररच्या शेजारी बसून मात्र काही उपयोग नाही. तुम्ही बघताय म्हटल्यावर तो तुमच्यासारखंच स्कोअर करेल. तिथे एकच रेकॉर्डिंग सगळ्यांना वेगवेगळं, एकमेकांचं न दाखवता द्यायचं आणि इपॉकला इपॉक लावून बघायचं. ८५ टक्के जुळणं हे सर्वत्र धरलं जाणारं लक्ष्य आहे. पण नुसत्या टक्क्यावर समाधान मानू नये, कारण रात्रीचा सगळ्यात मोठा भाग एन २मध्ये जातो आणि एन २ जुळला की आकडा आपोआप फुगतो. न जुळलेले इपॉक एकत्र बसून वाचावेत. आणखी एक धोका: सगळे एकाच माणसाच्या हाताखाली शिकले असतील, तर सगळ्यांची चूकही एकच असते आणि जुळणी उत्तम येते. म्हणून काही रेकॉर्डिंग बाहेरच्या स्कोअररकडून किंवा रिपोर्ट करणाऱ्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावीत.

सॉफ्टवेअर आपोआप स्कोअर करतं, मग माणूस कशाला, असं खरेदी विभागाकडून दरवर्षी विचारलं जातं. सॉफ्टवेअर दमत नाही हे खरं, पण सरकलेल्या बेल्टला तेही सेंट्रल म्हणू शकतं. त्याने केलेलं स्कोअरिंग माणसाने इपॉकगणिक बघितलं तर वेळ वाचतो. न बघता पुढे पाठवलं तर ते कुणाचंच काम नसतं.

दोन्ही कामं एकाच माणसाकडे असली, तर त्याने स्वतः रात्री घेतलेली स्टडी शक्यतो दुसऱ्याने स्कोअर करावी. स्वतःच्या रात्रीच्या आठवणी डोक्यात असतात: हा पेशंट खूप घोरत होता, म्हणजे ऑब्स्ट्रक्टिव्हच असणार. दुसऱ्याकडे फक्त सिग्नल आणि नोंदी असतात, त्यामुळे नोंदी अपुऱ्या असतील तर लगेच उघडं पडतं. आमच्याकडे स्कोअरर प्रत्येक स्टडीवर रात्रीच्या माणसासाठी दोन ओळी लिहितो: कोणता सिग्नल किती वाजता गेला, आणि कोणती नोंद उपयोगी पडली. तो कागद संध्याकाळच्या हँडओव्हरला, पुढचा पेशंट यायच्या आत, रात्रपाळीच्या हातात पडतो. पगारवाढीच्या फाइलमध्ये तो लावायचा नाही, असं मी पहिल्या दिवशीच सगळ्यांना सांगितलंय, नाहीतर एकमेकांना सांभाळून घेत 'सर्व ठीक' लिहायला सुरुवात होते.