टपावरची पेटी घेण्यापूर्वी : लिटर आणि किलो यांचा हिशेब

आमच्याकडे टपावरचे कॅरिअर किंवा सामानाची बंद पेटी घ्यायला येणारे बहुतेक ग्राहक ‘ही किती लिटरची?’ असे सर्वांत आधी विचारतात. हा प्रश्न रास्त आहे, परंतु त्याच्या आधी ‘माझ्या गाडीचे छत किती किलो पेलते?’ हे ठाऊक असायला हवे, आणि त्याचे उत्तर तुमच्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत छापलेले असते. तो आकडा न पाहता खरेदी झाली की पुढे काय होते, हे आम्ही दर सुट्टीच्या हंगामात पाहतो. प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी गाडी काठोकाठ भरून दाराशी येते, उरलेले सामान वर जाईल असे गृहीत धरलेले असते, आणि मग सगळे उतरवून, एकेक बॅग काट्यावर ठेवून, काय घरी परत न्यायचे हे ठरवण्यात दोन-तीन तास निघून जातात. लहान मुले ताटकळत बसलेली असतात आणि आम्हालाही ते पाहवत नाही. हे माहितीपत्रक मुख्यतः तो वेळ वाचावा म्हणून लिहिले आहे.

75 किलोंमधले किती किलो तुमचे?

बहुतेक मोटारींच्या छताची मर्यादा 50 ते 100 किलोंच्या दरम्यान असते आणि मधल्या आकाराच्या पुष्कळ गाड्यांना 75 किलो हा आकडा दिलेला आढळतो. काही गाड्यांच्या पुस्तिकेत छतावर काहीही ठेवू नये असे स्पष्ट लिहिलेले असते. अशा गाडीला आम्ही कॅरिअर बसवत नाही. सर्वाधिक गफलत होते ती पुढच्या पायरीवर. पुस्तिकेतला आकडा म्हणजे छतावर जे जे चढते त्या सर्वांचे मिळून वजन होय. त्यात दोन्ही क्रॉस बार, म्हणजे पेटी ज्यांवर बसते त्या छतावरच्या आडव्या दांड्या, येतात, त्यांचे पाय आणि क्लॅम्प येतात, आणि पेटी स्वतःही येते. समजा मर्यादा 75 किलो आहे, बारचा संच 6 किलोंचा आहे आणि पेटी 19 किलोंची आहे, तर सामानासाठी 50 किलो उरले. दोन मोठ्या बॅगा प्रत्येकी 23 किलो भरल्या की ते जवळजवळ संपले, आणि पेटीत मात्र निम्मीअधिक जागा रिकामी दिसत असते. ती रिकामी जागाच माणसाला मोहात पाडते.

या हिशेबाची दुसरी बाजूही पाहावी. 400 लिटरच्या पेटीत 50 किलो सामान म्हणजे दर 8 लिटर जागेला 1 किलो. पाण्याच्या बाटल्या भरल्या तर तीच पेटी 400 किलोंच्या आसपास जाईल, पुस्तके भरली तरी ती मर्यादेच्या कितीतरी पलीकडे जाईल. म्हणून टपावरची पेटी ही फुगीर पण हलक्या वस्तूंसाठी आहे : पांघरुणे, झोपायच्या पिशव्या, उशा, गरम कपडे, मुलांची घडीची खुर्ची. पाणी, अवजारे, शिधा, बॅटरी, पुस्तके यांची जागा खाली डिक्कीत आहे. हे एवढे पाळले तरी निम्मे काम होते.

यात आणखी एक मेख आहे. मर्यादा एकच नसते. गाडीच्या छताची एक, क्रॉस बारची दुसरी, पेटीची तिसरी, आणि या तिन्हींत जी सर्वांत कमी ती खरी. 100 किलो पेलणारे बार 50 किलोंच्या छतावर बसवल्याने छत 100 किलोंचे होत नाही. तुलना करताना बारच्या आकड्याशी पेटी आणि सामान मिळून ताडून पाहावे, पेटीच्या आकड्याशी फक्त आतले सामान.

‘छतावर दोन माणसे उभी राहिली तरी वाकत नाही, मग 75 किलोंचे एवढे काय?’ असेही आम्हाला वारंवार ऐकावे लागते. उभ्या गाडीचे छत 75 किलोंपेक्षा बरेच अधिक पेलते हे खरे आहे. छतावरचे तंबू त्याच आधारावर वापरले जातात. पुस्तिकेतला आकडा मात्र चालत्या गाडीचा असतो. ब्रेक दाबला की ते वजन पुढे ओढते, वळणावर बाहेर ओढते, खड्ड्यात चाक आदळले की क्षणभर कित्येक पटींनी जड होऊन क्लॅम्पवर बसते. शिवाय वर ठेवलेल्या प्रत्येक किलोमुळे गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि अचानक स्टिअरिंग फिरवावे लागले तर गाडी कलंडण्याची शक्यता वाढते. पत्रा वाकला नाही म्हणून गाडी सुरक्षित आहे असे समजू नये.

टप भरला की डिक्की किती भरायची?

छताचा आकडा पाळणारे काही ग्राहकसुद्धा इथे चुकतात. प्रत्येक गाडीला भारासहित एकूण वजनाची एक मर्यादा असते. तिच्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की माणसे आणि सामान मिळून किती चढवता येईल ते कळते. उदाहरणादाखल, एकूण मर्यादा 1500 किलो आणि रिकामी गाडी 1080 किलो असेल तर 420 किलो हाती येतात. पाच मोठी माणसे बसली आणि त्यांचे मिळून 340 किलो झाले, तर उरले 80. आता टप पूर्ण 75 किलो भरला, तर डिक्कीत 5 किलोंपलीकडे काही ठेवता येणार नाही. छताचे 75 किलो हे या 80 किलोंमधलेच असतात, त्यांच्या वर मिळणारे जादा नसतात. पेटीमुळे गाडीतली जागा वाढते. गाडीची वजन वाहण्याची ताकद पूर्वी होती तेवढीच राहते. हे वाक्य आम्ही काउंटरवर दिवसातून किती वेळा म्हणत असू याची गणती नाही, आणि पेटी विकणाऱ्यानेच ते म्हणावे असे आम्हाला मनापासून वाटते. रिकाम्या गाडीच्या वजनात चालक धरलेला आहे की नाही, हे पुस्तिकेत पाहून घ्यावे. गॅसची टाकी किंवा अन्य जड वस्तू नंतर बसवून घेतली असेल तर तिचे वजनही यातूनच जाते.

वजन पूर्ण भरले की टायरची हवा बदलावी लागते. चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला जी पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर बहुधा कमी भारासाठी आणि पूर्ण भारासाठी असे दोन वेगवेगळे आकडे असतात. हवा टायर गार असताना भरावी. मागे वजन आले की हेडलाइटचा झोत वर उचलला जातो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो. झोत खाली आणणारे छोटे चाक डॅशबोर्डवर असल्यास ते फिरवून घ्यावे.

गाडीच्या आत

मागची सीट पाडून डिक्की वाढवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे आणि पुष्कळांना आमच्याकडून काही न घेताही त्यावर भागवता येईल. फक्त सीटची पाठ पुन्हा उभी केल्यावर ती खटक्यात बसली आहे याची खात्री करावी. अनेक गाड्यांत खटक्याजवळ एक लाल खूण असते. ती दिसत असेल तर पाठ अजून अडकलेली नाही. हाताने पुढे ओढून पाहिल्याशिवाय तिच्यामागे वजन ठेवू नये, कारण मागचे सामान आणि पुढची माणसे यांच्यामध्ये तीच एक भिंत असते.

जड वस्तू तळाला आणि सीटच्या पाठीला अगदी टेकवून ठेवावी. मधे वीतभर मोकळी जागा राहिली तर धडक बसताना ती वस्तू तेवढी धाव घेऊन आदळते. ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर 20 किलोंची बॅग साधारण 400 किलोंच्या जोराने पुढे रेटली जाते. मागच्या सीटवर कोणी बसणार नसेल तर तिथले पट्टे एकमेकांवर फुलीसारखे लावून ठेवावेत. पाठीला तेवढाच अधिक आधार मिळतो. डिक्कीवरचे झाकण ऊन आणि नजर अडवण्यासाठी असते, त्यावर काही ठेवू नये. लांब वस्तूचे टोक बाहेर राहावे म्हणून मागचे दार उघडे ठेवून गाडी चालवणे तर सर्वथा टाळावे, कारण धुराड्यातला विषारी वायू त्या उघड्या दारातून आत ओढला जातो आणि त्याला वास नसल्यामुळे तो कळतही नाही.

बांधणे

पेटीत जड ते दोन बारच्या मधोमध आणि हलके ते दोन्ही टोकांना, असे भरावे. उघडे कॅरिअर असेल तर बकल असलेले न ताणणारे पट्टे वापरावेत. रबरी हुकाच्या दोऱ्या ताडपत्रीची कड दाबायला ठीक आहेत, पण वजन धरण्यासाठी त्या नाहीत, कारण ब्रेक लागताच त्या ताणतात आणि सामान नेमके तेव्हाच हलते. चपटा पट्टा वाऱ्यात गुणगुणू लागतो. त्याला बांधतानाच एक पीळ द्यावा, आवाज बंद होतो. रॅचेटचा, म्हणजे दात्यांचा खटका वरखाली करून आवळायचा, पट्टा मात्र जपून आवळावा, कारण त्याच्या जोराने पेटीचे झाकण किंवा बारसुद्धा वाकू शकतो. शिडीसारखी लांब वस्तू बारवर बांधल्यानंतर पुढच्या आणि मागच्या टोकालाही गाडीच्या ओढण्याच्या हुकाशी बांधावी.

पहिल्या 50 किलोमीटरनंतर थांबून क्लॅम्प आणि पट्टे पुन्हा तपासावेत. पट्टा सुरुवातीला सैल पडतोच. सामान दबते, कपडे बसतात, आणि घरी घट्ट वाटलेली गाठ चार बोटे हलते. एका ग्राहकाच्या गाडीचा मागचा बार आमच्याकडे आला तेव्हा मूळ जागेवरून दोन बोटे मागे सरकलेला होता आणि रबरी पायाखालच्या धुळीने रंग पत्र्यापर्यंत खरवडला होता. बार बसवण्यापूर्वी छत पुसलेले नव्हते आणि वाटेत एकदाही तपासणी झालेली नव्हती. सुदैवाने रंगावरच निभावले. दोन मिनिटांचे ते काम आहे, ते चुकवू नये.

वेगाविषयी थोडक्यात. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी 80 ऐवजी 100 किलोमीटरने गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो. पेटीच्या पुस्तिकेतली वेगमर्यादा पाळावी, ब्रेकसाठी जास्त अंतर सोडावे, आणि पेटीसह गाडीची नवी उंची मोजून स्टिअरिंगजवळ चिकटवून ठेवावी, कारण इमारतीखालच्या पार्किंगमध्ये शिरताना ती कोणाच्याच लक्षात राहत नाही.

आमची पद्धत, आणि ती तशी का आहे

काही ग्राहकांना आमची पद्धत वेळखाऊ वाटते. आम्ही गाडीचे मॉडेल आणि वर्ष विचारतो, पुस्तिकेतला आकडा स्वतः वाचतो, आणि छतावरच्या उभ्या रेल हाताने तपासतो. बऱ्याच गाड्यांवरच्या रेल केवळ शोभेसाठी चिकटवलेल्या असतात. त्या दिसायला भक्कम असल्या तरी भार घेण्यासाठी नसतात, आणि त्यांना क्लॅम्प लावून देण्याची विनंती आम्ही नम्रपणे नाकारतो. अशा वेळी ग्राहक नाराज होऊन दुसरीकडे जातो हे आम्हाला माहीत आहे. पण त्या रेलसह पेटी रस्त्यावर पडली तर ती मागून येणाऱ्या गाडीवर पडेल, आणि तिच्यात कोण असेल ते आपल्या हातात नाही.

बार आम्ही एकदा बसवून दाखवतो, मग काढतो, आणि दुसऱ्यांदा तुमच्याकडून बसवून घेतो. ठरलेल्या ताणाला टक् असा आवाज करणारी चावी संचाबरोबर येते; तो आवाज तुम्ही स्वतःच्या हाताने एकदा ऐकलेला असावा असा आमचा आग्रह असतो. पेटी बसल्यावर मागचे दार पूर्ण उघडून ते पेटीला लागत नाही हेही पाहतो. या सगळ्याला साधारण तासभर लागतो.

वर्षातून एक-दोनदाच गरज पडत असेल तर पेटी विकत घेण्याऐवजी आमच्याकडून भाड्याने न्यावी. प्रवास संपल्यावर बारही उतरवून ठेवावेत, इंधन वाचते. मोठी पेटी मागणाऱ्याला आम्ही पुष्कळदा लहान पेटी सुचवतो, कारण ती वजनाने हलकी असते आणि तेवढे किलो तुमच्या सामानाला मिळतात.

येताना गाडी रिकामी आणावी, छत धुतलेले असावे, माहितीपुस्तिका सोबत असावी, आणि शक्यतो प्रवासाच्या आठवडाभर आधी यावे. वर न्यायचे सामान वेगळ्या पिशव्यांत भरून आणल्यास आमच्या काट्यावर ते विनामूल्य तोलून मिळेल. पहिल्या प्रवासाहून परतल्यावर गाडी पुन्हा एकदा दाखवावी. क्लॅम्प, रबरी पाय आणि पेटीचे कुलूप यांच्या त्या तपासणीचे आम्ही पैसे घेत नाही.